ने

नदी एकच, नावं तीन.
नायदेनच्या काठावर ती मारित्सा,
थ्रासीवुलोसच्या काठावर एव्रोस,
आणि खाली, हसिबे जिथे गालिचे धुते,
तिथे मेरिच.
पुराला मात्र नाव विचारून येण्याची सवय नसते.

फेब्रुवारीत तो आला.
कोंबड्यांची खुराडी, एक निळा पिंप,
कुणाच्या थडग्यावरची प्लास्टिकची फुलं,
सगळं घेऊन.
ओसरला त्या सकाळी मधल्या वाळूवर
एक घोडी उभी होती,
गुडघाभर चिखलात,
कुणी विसरून गेल्यासारखी.

धुकं एवढं की काठ नव्हतेच,
काठांचे फक्त आवाज होते.

थ्रासीवुलोस सपाट होडी वल्हवत वाळूपाशी गेला.
सत्तरीचा माणूस, एका कानाने बहिरा.
कुठल्या, ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.
घोडीची आयाळ त्याने हातात घेतली.
अर्धी सुटलेली वेणी,
तिच्या टोकाला लाल लोकरीची गाठ.
मग धुक्याकडे तोंड करून ओरडला,
घोडी! नायदेन, तुझी?

पलीकडे नायदेन उभा होता.
शरदात बायकोला पुरलं,
नाताळात चारा संपला,
आणि पाणी चढलं त्या रात्री
गोठ्याची कडी त्यानेच काढली होती.
त्याने हनुवटी वर उचलली.
ही खूण तिन्ही काठांना कळते,
हिला दुभाषा लागत नाही.
पण धुक्यात हनुवटी कुणाला दिसणार?
पोचला तो फक्त शब्द:
ने.

त्याच्या काठावर याचा अर्थ, नाही.
थ्रासीवुलोसच्या काठावर याचा अर्थ, हो.
आणि खालच्या वळणावरून हसिबेचा नातू यिल्माझ
जिवाच्या आकांताने विचारत राहिला,
ने? ने?
म्हणजे, काय? अरे, काय झालं?
त्याला कुणीच उत्तर दिलं नाही.
मुलांना नदीकाठी बहुतेक वेळा असंच वाढावं लागतं.

थ्रासीवुलोसने वीस वर्षं
शनिवारच्या बाजारात पलीकडच्यांना कांदे विकले होते.
भाव पाडताना ते काय म्हणतात
हे त्याला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?
तरी त्याने तो शब्द आपल्या भाषेत ऐकला.
किंवा त्या कानाने.
दावं होडीला बांधलं,
आणि गस्तीचा शिपाई
सूर्यफुलाच्या बिया सोलण्यात गुंतलेला असताना
घोडी पोहत पोहत
नकाराच्या काठाला लागली.

त्या पाण्यावर मराठी येणारं कुणी नव्हतं.
घोडीला तर नव्हतीच येत.
नाहीतर मी सांगितलं असतं,
आमच्याकडे हा शब्द हो नाही, नाही नाही,
प्रश्नसुद्धा नाही.
आमच्याकडे तो साधं सांगणं आहे,
दारातल्या माणसाच्या हातात
काहीतरी देता देता म्हटलेलं.

नायदेन शिव्या देत पाण्यात उतरला.
बूट भरले.
दावं हातात घेताना दोघं काही बोलले नाहीत.
बोलले असते तर भांडण झालं असतं.
होडी वळली. वल्ह्यांचा आवाज
थोडा वेळ धुक्यात राहिला, मग तोही गेला.

संध्याकाळी हसिबेने यिल्माझला विचारलं,
एवढा कसला गोंगाट होता रे?
तो म्हणाला, कुणीतरी घोडी परत केली.
कुणाची?
ते नाही कळलं.

वरच्या गावात त्या रात्री
नायदेनने गादी फाडली.
आतलं गवत जुनं होतं, दोन माणसांच्या घामाचं.
घोडीने हुंगलं, मान फिरवली,
पुन्हा हुंगलं.
तो अंधारात तिच्या वेणीची गाठ चाचपत बसला.
सोडवायची होती. सुटेना.
ने, तो म्हणत होता,
ने, ने,
आणि घोडी चघळत होती.